किटली ज्याची त्याची

पहिल्या दिवशी मी बर्फ घेऊन गेलो.
चार बाटल्या, गोठून दगड झालेल्या,
ओल्या गोणपाटात गुंडाळून.
ओगुलगेरेकने पाहिलं, बोलली नाही.
तिच्या पाठीवर काजळी धरलेलं तुंचे,
नमद्याच्या पिशवीत चिनीमातीची किटली,
आणि कंबरेला, वेळ आली तर, लाल निशाण.

कराकुममध्ये ऊन सकाळी आठलाच मी म्हणू लागतं.
एकशेबारा ते एकशेवीस किलोमीटर, हा आमचा तुकडा.
एकेक सांधा हातोडीने वाजवायचा
आणि कान द्यायचा:
हा बरा. हा बरा. हा खोकतोय, लिही.

तिचा कोट मनगटापर्यंत, आत रुई भरलेली,
डोक्याला लोकरी रुमाल.
मी अर्ध्या बाहीत, शिजत.

दहाला बर्फ निम्मा.
अकराला नुसतं कोमट पाणी.
बाराला चौथी बाटली संपली
आणि मी पोटात डचमळ घेऊन चाललो होतो.
तहान मात्र पाय पसरून बसलेली,
उठायचं नाव न घेणाऱ्या पाहुण्यासारखी.

पाण्याच्या रिकाम्या टाकीखाली हातभर सावली.
साक्सौलच्या चार काटक्या, धूर न करणारी आग.
चहा तिने पेल्यात ओतला,
पुन्हा किटलीत. पुन्हा पेल्यात. तीनदा.
मग प्यायली, फुंकर न घालता,
हिरवा, कडू, वाफाळता,
बाहेर सेहेचाळीस अंश असताना.

तिच्या कपाळावर घाम आला, बारीक, मोहरीएवढा.
म्हणाली, "वारा फुकटचा हमाल आहे, दोवरान.
पण त्याला उचलायला काहीतरी द्यावं लागतं."

मी हात पुढे केला.
"किटली ज्याची त्याची," ती म्हणाली.
"तुझी आण. मी कंजूष नाही,
आमच्याकडे असंच आहे, तुझ्याकडेही असायला हवं."
मी शहरातला. आमच्याकडे फ्रीज आहे.
असं म्हणणार होतो. जीभ टाळूला चिकटली होती.

एकशेसतराजवळ रूळ वाकला होता.
झोपेत सापाने कूस बदलावी, इतकाच.
तीन वीसची मालगाडी यायची होती.
मी धावत सुटलो आणि पन्नास पावलांत
गुडघ्यांवर आलो, डोळ्यांपुढे काजवे.
ती धावली नाही.
निशाण उंच धरून, रुळामधून,
बाजारात जावं तशी चालत गेली,
आणि दीड हजार टन लोखंड
तिच्यासमोर कण्हत कण्हत थांबलं.

ड्रायव्हर उतरला. शिव्या देईल असं वाटलं.
त्याने इंजिनातून स्वतःची किटली आणली
आणि डब्याच्या सावलीत मांडी घातली.
दुरुस्तीवाले तीन तासांनी आले.
तोवर दोन किटल्या, दोन पेले,
मी मधे. आणि कोणी काही म्हटलं नाही,
पण तिचा पेला माझ्यासमोर आला,
परत गेला, पुन्हा आला.
चौथ्या पेल्यानंतर पाठीवर काहीतरी गार सरकलं.
माझाच घाम होता.

ड्रायव्हर गेल्यावर मी विचारलं,
तुझ्या नावाचा अर्थ खरंच 'मुलगा हवा' असा?
"आईबापांना हवा होता," ती म्हणाली.
"रुळाला मी चालते."

दुसऱ्या दिवशी टाकीखाली एक किटली ठेवलेली.
निळी, झाकण दुसऱ्याच कुठल्यातरी किटलीचं,
पोटाला तडा, त्यावर पत्र्याचे अकरा टाके.
कुणाची, हे तिने सांगितलं नाही.
मी तिच्या बोटातली सैल अंगठी पाहिली
आणि विचारलं नाही.

सातवा टाका गळतो.
एक थेंब रुळावर पडतो.
मी ऐकायला वाकतो,
तोवर नसतो.